ऐकणाऱ्यांच्या वर्गणीवर



ज्यांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी याच गावातून वर्षानुवर्षे एक मासिक काढले, तेही वर्गणीदारांच्या भरवशावर. त्यांच्या कार्याविषयी माझ्याहून अधिकारी माणसे या व्यासपीठावरून बोलून गेली आहेत. मी त्यांचाच एक प्रश्न आजच्या माध्यमाला लावून पाहणार आहे. जाहिरात न घेता, ऐकणाऱ्यांनी आपणहून दिलेल्या पैशावर एखादा स्वतंत्र पॉडकास्ट टिकू शकतो का? आणि टिकवायचा, तर त्यासाठी करणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने काय काय पत्करायला हवे? मी स्वतः मराठीत पॉडकास्ट करतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी रोजचा आहे.

सभागृहात ज्येष्ठ मंडळी बरीच आहेत, म्हणून आधी थोडे माध्यमाविषयी. पॉडकास्ट म्हणजे रेकॉर्ड करून इंटरनेटवर ठेवलेला, मोबाइलवर हवा तेव्हा ऐकता येणारा कार्यक्रम. हे नाव बेन हॅमर्स्ली या पत्रकाराच्या फेब्रुवारी २००४मधल्या 'गार्डियन'च्या लेखात पहिल्यांदा आले. जून २००५मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय केली आणि हा प्रकार पसरला. त्यामागची व्यवस्था अगदी साधी आहे. करणारा आपला एपिसोड एका सर्व्हरवर ठेवतो, त्याच्या एपिसोडांची यादी, म्हणजे आरएसएस फीड, सगळ्यांना खुली असते, आणि कुठलेही ॲप ती यादी वाचून एपिसोड श्रोत्यापर्यंत पोचवते. मध्ये कोणा एका कंपनीचा किंवा सरकारी खात्याचा दरवाजा नाही. आपल्या देशात याचे मोल फार मोठे आहे. २००१पासून खासगी एफएम वाहिन्या सुरू झाल्या, पण त्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा मिळाली नाही. एखाद्या साध्या माणसाने सार्वजनिक प्रश्नांवर स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या बोलीत, सविस्तर बोलावे आणि ते दूरदूरच्या हजारो माणसांनी ऐकावे, हे परवान्याशिवाय शक्य झाले ते पॉडकास्टमुळे.

परवाना लागत नसला तरी पैसा लागतो. माईक एकदा घेतला की काही वर्षे चालतो, सर्व्हरचे भाडेही फार नसते. खरा खर्च वेळेचा आहे. आम्ही एकदा एका वृद्ध सुईणीशी बोलायला गेलो होतो. पहिला तासभर त्या घरातल्या लग्नाविषयी, गावातल्या पाण्याविषयी बोलत राहिल्या. ज्या बाळंतपणांची हकिगत ऐकायला आम्ही गेलो होतो, ती त्यांनी चहा झाल्यावर, दिवा लावण्याच्या वेळी सांगायला घेतली. श्रोत्यांनी ऐकले ते शेवटचे चाळीस मिनिटांचे बोलणे. पण आधीचा तास, जाण्यायेण्याचा प्रवास, त्याआधीचे वाचन आणि नंतरचे एडिटिंग यांचा खर्च कोणीतरी उचलावाच लागतो.

आज हा खर्च उचलण्याचा रूढ मार्ग जाहिरात हा आहे. जाहिरातीचा दर हजार श्रोत्यांमागे ठरतो. हिशोब समजावा म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, पाच हजार माणसे एक मराठी पॉडकास्ट नियमित ऐकतात आणि जाहिरातदार हजारामागे तीनशे रुपये देतो. एका एपिसोडचे दीड हजार झाले, महिन्याच्या चार एपिसोडांचे सहा हजार. आता त्याच पाच हजारांपैकी शंभर जणांनी, म्हणजे दोन टक्क्यांनी, महिना शंभर रुपये दिले तर दहा हजार होतात. श्रोते पाच लाख असतील तर जाहिरातदार स्वतः चालत येतो, दर वाढवून देतो, आणि मग हे गणित उलटते. तेव्हा श्रोत्यांच्या आधारावर चालणे हा मोठ्यांनी पाळायचा आदर्श आहे असे मी म्हणत नाही. छोट्या भाषेतल्या, छोट्या विषयावरच्या, छोट्या श्रोतृवर्गाच्या कार्यक्रमाला मात्र तो जगण्याचा सर्वांत सरळ मार्ग आहे.

जाहिरातीच्या पैशाची दुसरी अडचण अशी की तो ज्या आकड्यावर मिळतो, तो आकडाच आपल्या हातात नसतो. सप्टेंबर २०२३मध्ये आयफोनची १७वी प्रणाली आली आणि न ऐकलेले एपिसोड आपोआप डाउनलोड होण्याची पद्धत बदलली. अनेक पॉडकास्टांचे डाउनलोड एकदम खाली आले. ऐकणारा एकही माणूस उठून गेला नव्हता, तरी जाहिरातीचे उत्पन्न घटले. मोठ्या कंपन्यांच्या छत्राखाली गेलेल्यांचे तरी काय झाले? स्पॉटिफायने २०१९मध्ये 'गिमलेट' ही नावाजलेली पॉडकास्ट कंपनी विकत घेतली. चार वर्षांनी, २०२३मध्ये, पॉडकास्ट विभागातल्या सुमारे दोनशे लोकांना घरी पाठवले आणि वर्षअखेरीस 'हेवीवेट'सारखा उत्तम कार्यक्रम बंद केला. त्या कार्यक्रमाचे श्रोते त्याच्यावर प्रेम करत होते. त्या प्रेमाला ताळेबंदात जागा नव्हती.

आणि तिसरी अडचण मजकुराची. आमच्या एका एपिसोडात एका शेतकऱ्याने कीटकनाशक फवारताना झालेल्या विषबाधेची हकिगत सांगितली होती. त्या सुमारास शेतीशी संबंधित एका कंपनीशी आमची प्रायोजकत्वाची बोलणी चालू होती. 'हा एपिसोड काढून टाका' असे कोणी म्हणाले नाही. 'पुढच्या काळात विषय सकारात्मक ठेवता येतील का' एवढेच विचारले गेले. बोलणी तिथेच थांबली. जाहिरातदाराचा दाब बहुतेक वेळा असाच येतो, सौम्य शब्दांत, आणि पुढचा विषय निवडताना करणाऱ्याच्या मनात तो आपोआप उभा राहतो.

हा सगळा विचार पॉडकास्टच्या कितीतरी आधी एका माणसाने मुळापासून केला होता. त्याच्यावर मी आज जास्त वेळ देणार आहे, कारण मराठीत त्याचे नाव फारसे कोणी घेत नाही. लुईस हिल हा अमेरिकेतला शांततावादी. दुसऱ्या महायुद्धात त्याने सदसद्विवेकबुद्धीने लढायला नकार दिला आणि अशा नकार देणाऱ्यांसाठीच्या छावणीत तो राहिला. नंतर वॉशिंग्टनमध्ये रेडिओवर निवेदक म्हणून काम केले. दुसऱ्याने लिहिलेले, दुसऱ्याच्या मालासाठीचे शब्द आपल्या तोंडून बोलायचे, हे काम त्याला अपमानास्पद वाटले. १९४६मध्ये त्याने सोबत्यांसह पॅसिफिका फाउंडेशन स्थापन केले आणि १५ एप्रिल १९४९ रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरातून 'केपीएफए' हे रेडिओ केंद्र सुरू झाले. जाहिराती नाहीत, सरकारी अनुदान नाही. ऐकणाऱ्याने वर्षाला दहा डॉलर वर्गणी द्यावी, एवढीच मागणी.

त्या काळी एफएमचा रेडिओ संच फार थोड्या घरांत होता. साहजिकच पैसे पुरले नाहीत. ऑगस्ट १९५०मध्ये केंद्र बंद पडले. मग श्रोत्यांनीच सभा घेतल्या, वर्गण्या गोळा केल्या, आणि मे १९५१मध्ये ते पुन्हा बोलू लागले. त्याच सुमारास फोर्ड फाउंडेशनच्या निधीचीही मदत झाली, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर केवळ श्रोत्यांच्या जिद्दीची गोष्ट म्हणून ती सांगितली जाते आणि नवख्यांची दिशाभूल होते. सुरुवातीची दोन-तीन वर्षे बाहेरचा टेकू लागतो. केपीएफएलाही लागला.

१९५१मध्ये हिलने या प्रयोगाचा सिद्धान्त लिहून काढला. त्यातल्या दोन गोष्टी आजही जशाच्या तशा उपयोगी आहेत. पहिली अशी की केंद्राच्या परिसरातल्या एफएम श्रोत्यांपैकी दोन टक्क्यांनी वर्गणी भरली तरी केंद्र चालू शकेल, असा त्याचा हिशोब होता. मघाच्या उदाहरणात मी दोन टक्के धरले ते तिथूनच. दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. रेडिओला कुलूप लावता येत नाही. पैसे न देताही तो ऐकता येतो. व्यापारी माणसाला हा दोष वाटेल. हिलला ती त्याची शक्ती वाटली. फुकट मिळत असूनही माणूस पैसे देतो, याचा अर्थ तो मालाची किंमत देत नाही, ही गोष्ट जगात असावी असे त्याला वाटते. ज्या कार्यक्रमासाठी दोन टक्के माणसांनाही असे वाटत नाही, तो कार्यक्रम करणाऱ्याने स्वतःला काही प्रश्न विचारावेत, असा त्याच्या विचारातला कस आहे.

म्हणून मी एपिसोडांना कुलूप लावण्याच्या विरुद्ध आहे. वर्गणीदारांसाठी वेगळे एपिसोड, इतरांसाठी अर्धे, असा मार्ग अनेकजण घेतात आणि त्यातून पैसे थोडे लवकर उभे राहतात, हे खरे आहे. पण मग पॉडकास्ट पुन्हा दुकान होतो. ज्या कामगाराला, ज्या विद्यार्थिनीला महिना शंभर रुपये परवडत नाहीत, ती बाहेर उभी राहते. आपल्याकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड उभा केला. माणशी एक पैसा. त्या फंडातून १९०८मध्ये तळेगाव दाभाडे इथे काचेचा कारखाना निघाला. पैसा देणाऱ्याला त्या बदल्यात काचेची बाटली मिळणार नव्हती. देशात काच तयार व्हावी, आपली मुले ते शिकावीत, एवढ्यासाठी त्याने पैसा दिला. महाराष्ट्राला अशा देण्याची सवय होती. पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेला न्यायमूर्ती रानड्यांच्या काळापासून, १८७५पासून, परंपरा आहे, आणि आज आपण जिथे बसलो आहोत त्या व्याख्यानमालेलाही दाराशी तिकीट नाही. खुर्च्यांचे भाडे कोणीतरी आधी भरले आहे, म्हणून कोणीही येऊन बसू शकते.

हिलच्या केंद्राची पुढची हकिगत मात्र तितकीशी सुखाची नाही, आणि तीच आपण नीट पाहिली पाहिजे. चित्रपट समीक्षक म्हणून पुढे जगभर गाजलेल्या पॉलिन केल यांनी आपल्या समीक्षा केपीएफएवरून वर्षानुवर्षे सादर केल्या, त्या बिनपगारी. अखेर १९६०च्या दशकाच्या आरंभी त्या वैतागून बाहेर पडल्या. जाहिरातदाराचे पैसे नाकारणे हे व्रत आहे. पण ते व्रत दुसऱ्याच्या फुकट श्रमावर पाळले जात असेल तर त्याला व्रत म्हणता येत नाही. मराठीत हा दोष जुना आहे. लेखकाला मानधन विचारायचे नाही, कलावंताला 'प्रसिद्धी मिळेल' म्हणायचे, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो. श्रोत्यांकडे पैसे मागायचे ते एडिटिंग करणाऱ्या मुलीला वेळेवर पैसे देता यावेत म्हणून, हे मागतानाच स्पष्ट सांगायला हवे.

दुसरा प्रश्न मालकीचा. जुलै १९९९मध्ये पॅसिफिकाच्या राष्ट्रीय मंडळाने वादातून केपीएफएच्या कर्मचाऱ्यांना केंद्राबाहेर काढून दारे बंद केली. त्या महिन्याच्या अखेरीस बर्कलीच्या रस्त्यांवर सुमारे दहा हजार माणसे उतरली. पन्नास वर्षे ज्यांनी वर्गणी भरली, ते म्हणत होते की हे केंद्र आमचे आहे. कागदोपत्री ते त्यांचे नव्हते. नंतर घटना बदलली, श्रोत्यांनी निवडलेली स्थानिक मंडळे आली. आणि मग त्या निवडणुकांमधून गटबाजी आली, खर्च वाढला. ऑक्टोबर २०१९मध्ये त्याच संस्थेच्या न्यूयॉर्कमधल्या 'डब्ल्यूबीएआय' केंद्राचे स्थानिक कार्यक्रम एका दिवसात बंद करण्यात आले आणि न्यायालयात भांडण झाल्यावर पुढच्या महिन्यात ते परत सुरू झाले. पैसा श्रोत्यांचा, पण निर्णय कोणाचा, हे आरंभी न ठरवल्याचे हे परिणाम. पॉडकास्ट करणारे 'मॅक्सिमम फन' हे अमेरिकन जाळे बरीच वर्षे मुख्यतः श्रोत्यांच्या वर्गणीवर चालले. २०२३मध्ये ते तिथे काम करणाऱ्यांच्या मालकीची सहकारी संस्था झाले. सहकाराच्या भूमीत राहणाऱ्या आपल्याला हा मार्ग अपरिचित वाटायचे कारण नाही. साखर कारखाने आणि दूध संघ उभारणाऱ्या महाराष्ट्रात पाच-सहा पॉडकास्टांची एक छोटी सहकारी संस्था, सामाईक स्टुडिओ आणि सामाईक हिशोब, ही मला करण्याजोगी गोष्ट वाटते.

आता आपल्या देशाकडे. अमित वर्मा यांचा 'द सीन अँड द अनसीन' हा इंग्रजी पॉडकास्ट जानेवारी २०१७मध्ये सुरू झाला. आरंभी छोटा होता, मग लांबत लांबत एकेक संभाषण कित्येक तासांचे होऊ लागले. जेरी पिंटो, शांता गोखले यांच्यासारख्या मुंबईच्या लेखकांशी त्यांनी केलेल्या गप्पा मराठी माणसाने जरूर ऐकाव्यात. वर्मा आपल्या श्रोत्यांना ऐच्छिक मदत मागतात, रक्कम श्रोत्याने ठरवायची, आणि एपिसोड सर्वांना खुले. एवढे लांब बोलणे कोण ऐकणार, ही शंका ज्यांना होती त्यांना तिथे उत्तर मिळते. तासन्‌तास सोबत करणाऱ्या आवाजाशी श्रोत्याचे जे नाते जुळते, त्यातूनच देण्याची इच्छा निर्माण होते.

इच्छा असली तरी पैसे पोचायला हवेत, आणि इथे आपल्याकडचे नियम समजून घ्यावे लागतात. १ ऑक्टोबर २०२१पासून रिझर्व्ह बँकेचे आवर्ती देयकांविषयीचे नियम लागू झाले. कार्डावरून दरमहा आपोआप पैसे जायचे तर आधी नोंदणी हवी, दर वेळी चोवीस तास आधी सूचना हवी, आणि ठरावीक रकमेपुढे पुन्हा ओटीपी. ही मर्यादा आधी पाच हजार होती, २०२२मध्ये पंधरा हजार झाली. ग्राहकाच्या दृष्टीने नियम चांगले आहेत. पण परदेशी व्यवस्थांमधून महिना दोनशे रुपये देणाऱ्या कित्येक भारतीय श्रोत्यांची देणी त्या वेळी मध्येच तुटली. त्यामुळे आपल्याकडे यूपीआय हाच मार्ग धरावा. जुलै २०२०पासून यूपीआय ऑटोपेची सोय आहे, आणि यूपीआयवरचे व्यापारी शुल्क जानेवारी २०२०पासून शून्य आहे, म्हणजे पन्नास रुपये देणाऱ्याचेही पन्नास रुपये जवळजवळ पूर्ण पोचू शकतात. मध्ये एखादी सेवा घेतली तर तिचा वाटा जातो, तो आधी विचारून घ्यावा. ॲपलच्या ॲपमधून वर्गणी घेतली तर पहिल्या वर्षी तीस टक्क्यांपर्यंत रक्कम वाटेतच राहते. म्हणून श्रोत्याला नेहमी सांगावे की थेट द्या.

परदेशातल्या मराठी मंडळींचा विषयही इथेच येतो, कारण मराठी पॉडकास्टचा एक आस्थेवाईक श्रोता न्यू जर्सीत आणि सिंगापुरात गाडी चालवताना तो ऐकत असतो. त्यांची देण्याची तयारी असते. मात्र परकीय अंशदान नियमन कायद्यात इलेक्ट्रॉनिक माध्यमांतून बातम्या आणि चालू घडामोडींचे कार्यक्रम करणाऱ्या संस्थांना परदेशी देणगी घेण्यास मनाई आहे. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्याने स्वतःच्या बचतीतून दिलेली रक्कम त्यात मोडत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाची मोडते. दोघे एकाच गल्लीत राहणारे असतील, पण कायद्याला ते वेगळे आहेत. अशा पैशाला हात लावण्यापूर्वी सनदी लेखापालाला विचारावे. आणि ट्रस्टची रीतसर नोंदणी नसेल तर श्रोत्यांनी दिलेली रक्कम हे आपले करपात्र उत्पन्न आहे हेही लक्षात ठेवावे.

एक धोका उरतो आणि तो मला सर्वांत मोठा वाटतो. जाहिरातदार गेला की वर्गणीदार त्याच्या जागी बसू शकतो. शंभर माणसे पैसे देतात आणि ती साधारण एका विचाराची असतात. त्यांना न आवडणारा पाहुणा बोलावला की दहा जण वर्गणी थांबवतात, पत्र लिहून तसे कळवतात. पत्रे वाचावीत, उत्तर द्यावे, चूक दाखवली असेल तर पुढच्या एपिसोडात ती दुरुस्त करावी. पण पाहुणा कोण, हे वर्गणीदाराने ठरवायचे नाही. हे आम्ही आमच्या मागणीतच लिहितो: तुमच्या पैशाने काम चालेल, विषय आम्ही ठरवू, आणि प्रत्येक रुपयाचा हिशोब वर्षातून एकदा जाहीर करू. यावर नाराज होऊन देणारे थोडे कमी झाले तरी चालतील. हिशोब जाहीर करणे मात्र कधीही चुकवू नये. एका कोणा धनिकाकडून निम्मा खर्च येऊ लागला, तर तो आकडा श्रोत्यांना दिसला पाहिजे, कारण त्या दिवशी तो कार्यक्रम श्रोत्यांच्या आधारावर चालत नसतो.

मागण्याचा संकोच हा शेवटचा अडथळा. मराठी माणूस पैसे मागताना आवाज खाली आणतो आणि वाक्य अर्धे सोडतो. एपिसोडच्या आरंभी, स्पष्ट आवाजात, अर्ध्या मिनिटात सांगावे: या कार्यक्रमाला वर्षाला इतका खर्च येतो, तो असा असा होतो, आतापर्यंत इतके जमले, इतके हवे आहेत. त्यात आर्जव नको, अपराधीपणाही नको. आणि ज्यांना देता येत नाही त्यांना त्याच दमात सांगावे की ऐकत राहा, दुसऱ्या कोणाला ऐकवा.

आपणा सर्वांना माझी विनंती एवढीच आहे. आपण नेहमी ऐकत असाल असा एक मराठी पॉडकास्ट निवडा. तो माझाच असावा असे नाही. गडकोटांवरचा असेल, शेतीवरचा, संगीतावरचा, मुलांच्या गोष्टींचा असेल. त्याच्या कर्त्याला पत्र लिहून विचारा की वर्षाचा खर्च किती आणि एडिटिंग करणाऱ्याला काय मिळते. उत्तर पटले तर या महिन्यापासून झेपेल तेवढी रक्कम ऑटोपेवर लावा आणि पुढच्या वर्षी त्यांच्याकडे हिशोब मागा.